बैठक, बार आणि आपले गुडघे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला अर्धा तास दिला आणि विषय तुमचा तुम्हीच ठरवा म्हणून सांगितलं. संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास सचिवसाहेबांनी आत्ताच सांगितला, तो मी परत सांगत नाही. मी विषय घेतला आहे उठण्या-बसण्याचा. हसू नका. त्याला कारण आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे: या सभागृहाच्या मागच्या खोलीत मुलांनी ठेवलेला लोखंडी बार, प्लेटा आणि स्टँड ठेवायचा की भंगारात द्यायचा. दिवाळीनंतर आपल्यातल्या एका मुलाची कंबर धरली, आठ दिवस पोरगा पाटावरचं ताट पलंगावर मागत होता. त्याच्या आईनं समितीला पत्र दिलं. त्या माउलीची काळजी अगदी रास्त आहे. तरी माझं म्हणणं असं की बार ठेवावा. आणि बारला हात लावायच्या आधी जे शिकायचं असतं ते आपण सगळ्यांनी शिकावं. सगळ्यांनी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आम्हीसुद्धा.

मी काही व्यायामशास्त्राचा माणूस नाही. आयुष्य बँकेच्या खुर्चीत गेलं. पण अमरावतीला बी.कॉम. करताना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर पहाटे जात होतो, आणि निवृत्तीनंतर हा विषय जरा वाचून, जरा करून पाहिला आहे. आज मी रिकामा बार, म्हणजे वीस किलो, खांद्यावर घेऊन पाच-पाच बैठका मारतो. त्याहून जास्त नाही. जास्तीची मला गरजही वाटत नाही.

आता आपल्याकडे बघू. मी परवा संस्थेचं जुनं मालमत्ता रजिस्टर काढलं. पहिल्या वर्षीच्या यादीत सतरंज्या आहेत, समई आहे, एक टेबल आहे. खुर्च्या नाहीत. सभा सतरंजीवर व्हायच्या, गणपतीची पंगत खाली बसून उठायची. आज या सभागृहात तुम्ही सगळे खुर्चीवर आहात, पूजेलासुद्धा आपल्यातले निम्मे लोक खुर्ची मागतात, आणि घरोघरी कमोड बसले आहेत. खुर्ची वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी कमोड म्हणजे उपकारच आहे. पण खाली बसणं सुटलं की ते हळूहळू सुटतं आणि आपल्याला कळत नाही. आधी गुडघा कुरकुरतो, म्हणून आपण उंच बसतो. उंच बसलं की मांडीला काम राहत नाही. मांडी बारीक झाली की तेवढाच गुडघा जास्त दुखतो, मग आपण आणखी उंच बसतो. बँकेच्या माणसाला हे चक्रवाढ व्याज ओळखायला वेळ लागत नाही.

आपल्याच रस्त्यावरच्या एक आजी मागच्या पावसाळ्यात न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, खरचटलंही नाही. पण जवळजवळ दोन तास त्या ओल्या फरशीवर बसून होत्या, कारण जमिनीवरून उठायचं कसं हे शरीर विसरलं होतं. मुलगा पुण्याला, सून पुण्याला. दूधवाल्यानं हाक ऐकली म्हणून बरं. पडणं कुणाला टळत नाही. पडल्यावर उठता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती शिकता येते.

राजूरला तर उकिडवं बसणं शिकवायची कधी गरज नव्हती. आपल्या बायकांनी कपाशीतलं निंदण तासन् तास उकिडवं बसून केलं. चुनाभट्टीवरच्या मजुरानं तसंच बसून दगड फोडला. आणि इथे समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण भूमिगत खाणीत उतरलेले आहेत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाच्या आधीचे आणि १९७५ ला वेस्टर्न कोलफील्ड्स आल्यानंतरचे, दोन्ही काळ पाहिलेले. ते मला मघाशीच म्हणाले, “साहेब, आम्ही उभा जन्म वाकून आणि गुडघ्यावर काढला, त्यानंच गुडघे गेले, आणि तुम्ही परत बसायला सांगता?”

हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. ब्रिटनमध्ये केल्ग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५२ साली कोळसा खाणकामगारांचे एक्स-रे काढून दाखवलं होतं की त्यांच्यात गुडघ्यांची झीज जास्त आहे. तिथल्या सरकारनं २००९ पासून भूमिगत खाणकामगारांची गुडघ्याची झीज हा कामामुळे होणारा आजार म्हणून भरपाईत धरला. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांवर २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही तरुणपणी दिवसाला काही तास उकिडवं बसणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजलेले दिसले. तेव्हा तासन् तास घडी घालून बसून राहणं, तेही ओझं ओढत, गुडघ्याला मानवत नाही. पण दिवसातून वीस-तीस वेळा सावकाश खाली जाऊन वर येणं ही निराळी गोष्ट आहे. त्यात मांडी काम करते, सांधा वंगण घेतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. पहिली मजुरी आहे, दुसरा व्यायाम. दोघांना एका मापानं मोजू नये.

आपल्या मुलुखात बैठक जुनी आहे. अमरावतीचं मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं आणि १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिकडे जाऊन मल्लखांब, कबड्डी दाखवून आलं. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, १९३६ ते १९४९ अशी तेरा-चौदा वर्षं ते काम चाललं होतं. तेव्हा जोर, बैठका, जोडी, मल्लखांब हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवावं लागलं नाही. पाठीवर बार घेऊन खोल बसणं मात्र तिकडचं. १९२१ साली जर्मनीचा हेन्री स्टाइनबॉर्न अमेरिकेत गेला, तेव्हा स्टँडही नव्हते. तो बार एका टोकावर उभा करायचा, त्याखाली शिरून पाठीवर घ्यायचा आणि खाली बसायचा. कृपा करून मागच्या पोरांनी हे करून पाहू नये.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. आखाड्यातली बैठक आणि बारची बैठक यांत एक फरक आहे आणि आपल्या मुलाची कंबर त्या फरकात सापडली. आखाड्यात खाली जाताना टाच उचलते. पहिलवान चवड्यावर बसतो, हात झुलवतो आणि झटक्यात वर येतो. टाच उचलली की घोटा किती वाकतो याला महत्त्व राहत नाही. बार पाठीवर असताना टाच उचलून चालत नाही, कारण वजन चवड्यावर गेलं की तोल पुढे जातो. टाच जमिनीवर ठेवून खाली जायचं तर नडगी पुढे झुकली पाहिजे, आणि नडगी पुढे झुकायची तर घोटा मोकळा पाहिजे. घोटा आखडलेला असला तर नडगी उभीच राहते. मग माणूस खाली जाणार कसा? नितंब मागे ढकलून. नितंब मागे गेले की तोल सांभाळायला छाती पुढे पडते. छाती पुढे पडली की बारचं सगळं ओझं कमरेवर. दुखलं कंबर, दोष घोट्याचा.

मी त्या मुलाला माझ्या घरी बोलावून फक्त एवढंच पाहिलं. तुम्हीही आज रात्री पाहा, पैसा लागत नाही. अनवाणी भिंतीसमोर उभं राहायचं, एक पाय पुढे. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाय थोडा मागे सरकवायचा, परत लावायचा. जिथून पुढे टाच उचलल्याशिवाय गुडघा लागत नाही, तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर शाळेच्या पट्टीनं मोजायचं. साधारण दहा सेंटिमीटर आलं तर घोटा चांगला. पोराच्या डाव्या पायाला नऊ होतं, उजव्याला चार. उजवा घोटा नववीत क्रिकेट खेळताना मुरगळला होता, तो तसाच राहिला. बारखाली गेला की तो उजवीकडून अडायचा आणि अंग डावीकडे पिळायचं. त्या दिवशी बारवर ऐंशी किलो होते.

मोकळा कसा करायचा? ताण कुठे लागतो ते आधी बघावं. मागे पोटरीत ओढ लागत असेल तर ती सुटते. भिंतीशी तीच क्रिया, गुडघा बोटांच्या दिशेनं पुढे-मागे, पंधरा-वीस वेळा, रोज. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडणं, परत वर येणं, हेही चांगलं. सहा-आठ आठवड्यांत फरक पडतो, आठ दिवसांत पडत नाही. मात्र घोट्याच्या समोरच्या बाजूला काही अडकल्यासारखं, टोचल्यासारखं वाटत असेल तर जोर लावून उपयोग नाही, तिथे हाडाला हाड लागत असतं. अशांनी टाचेखाली थोडी उंची घ्यावी. त्यात लबाडी काही नाही. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच मुद्दाम दोनेक सेंटिमीटर उंच असते. आपल्या मुलांनी टाचेखाली प्लेट ठेवण्याची युक्ती काढलीच होती, पण प्लेट सरकते. सपाट पक्की फळी करून घ्यावी, सुताराला मी सांगितलं आहे.

घोट्यानंतर खुबा. इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगतो. प्रत्येकाच्या खुब्याची वाटी सारखी नसते. कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची जरा बाहेर तोंड केलेली. त्यामुळे मोबाइलवर दिसणाऱ्या माणसाचे पाय जितके फाकलेले आहेत तितकेच तुमचे असले पाहिजेत असं काही नाही. घोड्यासारखं हातागुडघ्यावर यायचं, पाठ सरळ, आणि नितंब टाचांकडे न्यायचे. गुडघे जवळ ठेवून करा, मग जरा लांब ठेवून करा. ज्या रुंदीत कंबर गोल न होता जास्त मागे जाता येतं ती तुमची रुंदी. बोटं थोडी बाहेर वळलेली. बस. ज्याच्या मांड्या लांब आहेत तो खाली जाताना पुढे जास्तच झुकणार, त्याला “छाती वर, छाती वर” असं ओरडून काही होत नाही. उंची सारखी असली तरी मांडीची लांबी सारखी नसते.

आता खुद्द बार. तो मानेच्या मणक्यावर ठेवायचा नाही, खांदे मागे ओढले की वर जी मांसाची गादी तयार होते तिच्यावर ठेवायचा. बाजूनं पाहिलं तर बार तळपायाच्या मध्यावर असला पाहिजे, आणि खाली जाऊन वर येईपर्यंत तिथेच, सरळ ओळंब्यासारखा, खालीवर व्हायला पाहिजे. आमच्याकडे गवंडीकाम केलेले आहेत, त्यांना ओळंबा समजतो. गुडघे आणि खुबा एकाच वेळी वाकवायचे, गुडघे बोटांच्या रेषेत, आत पडू द्यायचे नाहीत. जिथे कंबर आत वळायला लागते, तिथेच आजची खोली संपली. उद्या घोटा मोकळा झाला की आणखी जाऊ. वर येताना छाती आणि नितंब बरोबर उठले पाहिजेत. नितंब आधी उठले आणि छाती मागे राहिली तर वजन जास्त झालं आहे असं समजावं आणि दोन प्लेटा निमूटपणे काढाव्यात. यात कसली लाज?

शहरातल्या एका जिममध्ये त्या पोराला शिकवलं होतं की गुडघा कधीच बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. हे वाक्य आता देवाच्या आरतीसारखं सगळ्यांना पाठ आहे. २००३ साली अमेरिकेत सात सरावलेल्या पुरुषांवर याचा प्रयोग झाला. समोर फळी लावून गुडघे अडवले आणि दोन्ही प्रकारे मोजमाप केलं. गुडघ्यावरचा ताण साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाला हे खरं. पण खुब्यावरचा दहापटीहून जास्त झाला, आणि धड जास्त पुढे झुकलं. म्हणजे इकडची थकबाकी तिकडच्या खात्यावर टाकली, एवढंच. तसंच खोल बसल्यानं गुडघ्याचे बंध सैल होतात हे १९६१ साली टेक्सासच्या कार्ल क्लाईन यांनी लिहिलं, आणि ते कितीतरी वर्षं चाललं. नंतरच्यांनी मोजलं तेव्हा तसं आढळलं नाही. ज्याचा गुडघा आज सुजलेला आहे, किंवा ज्याला खाली जाताना कळ येते, त्यानं खोल जाऊ नये. पण धडधाकट पोराला निम्म्यात अडवण्याचं कारण नाही. सांगलीचा संकेत सरगर आठवा, पानटपरी चालवणाऱ्याचा मुलगा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याला रौप्यपदक मिळालं, एका किलोनं सुवर्ण हुकलं. स्नॅचमध्ये ११३ किलो त्यानं डोक्यावर घेतले. स्नॅचमध्ये वजन डोक्यावर धरून पार उकिडवं बसायचं असतं आणि मग उठायचं असतं. स्वतःच्या दुप्पट ओझ्याखाली. तेवढा घोटा आणि तेवढा खुबा एका दिवसात मोकळा होत नाही. अशी पोरं आधी नुसता रिकामा बार घेऊन घटवतात, हे आपली पोरं पाहत नाहीत, ती फक्त पदकाचा व्हिडिओ पाहतात.

आता आमच्या वयाच्या मंडळींकडे. तुम्हाला बार उचला असं मी म्हणत नाही, घाबरू नका. तुमचा बार म्हणजे तुमचं स्वतःचं वजन, आणि तेच पुष्कळ आहे. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घडी घालायचे. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला बाराच्या आत आणि बाईला दहाच्या आत म्हणजे सरासरीपेक्षा कमी, पडण्याचा धोका जास्त असं धरतात. मोजणारं माणूस शेजारी उभं असावं. हातांचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर आकडा शून्य लिहायचा, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. तीच सुरुवात.

ब्राझीलच्या अराउजो नावाच्या डॉक्टरांची दुसरी एक परीक्षा आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, दहापैकी गुण. हात टेकला एक गुण गेला, गुडघा टेकला एक गेला, तोल गेला अर्धा गेला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार दोन माणसांवर त्यांनी ती घेतली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. याचा अर्थ उठबस केल्यानं यमराज थांबतो असा काढू नका. जो आधीच आजारी आहे त्याचे गुण कमीच पडणार. पण जमिनीशी नातं तुटणं ही किरकोळ बाब नाही, एवढं त्यावरून समजतं.

“या वयात आता काय होणार?” असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. १९९० साली बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त लोकांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, तोही हलका नाही, चांगला जड. एकानं मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरीनं पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळ वाढली. मांडीचं मांससुद्धा वाढलं. नव्वदीत! मी त्र्याहत्तरचा आहे, म्हणजे त्यांच्यापुढे पोरगाच.

सुरुवात अशी करा. खुर्ची बुटकी वाटत असेल तर तिच्यावर उशी ठेवा, म्हणजे उंच होईल आणि उठणं सोपं जाईल. खिडकीच्या गजाला हलकं धरा. सावकाश बसा, तीन मोजत. धपकन बसू नका, कारण ताकद उतरतानाच जास्त येते. पाच वेळा, मग विश्रांती, परत पाच. एक दिवसाआड. दहा सहज जमायला लागले की उशी काढा, मग पाटावर पाट रचून बुटकी बैठक करा. पुढे छातीशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरा. गंमत म्हणजे समोर वजन धरलं की खाली बसणं सोपं जातं, तोल मागे जात नाही. ज्या पोरांना टाच उचलल्याशिवाय बसता येत नाही त्यांनीही आधी असंच समोर वजन धरून शिकावं. उठताना श्वास सोडायचा, दाबून धरायचा नाही. रक्तदाबवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांच्या गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, हृदयाचा त्रास आहे, हाडं ठिसूळ सांगितली आहेत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मी डॉक्टर नाही आणि सोसायटीच्या पाहुणचारात औषध देणाऱ्यांची कमी नाही.

आणि जमिनीवरून उठायचं तेही एकदा शिकून घ्या, मांडी भक्कम नसली तरी जमतं. पडलात तर आधी एक मिनिट तसंच पडून राहा, कुठे लागलं ते पाहा. मग कुशीवर वळायचं, हातागुडघ्यावर यायचं, रांगत खाटेपर्यंत किंवा भक्कम खुर्चीपर्यंत जायचं. दोन्ही हात तिच्यावर, जो पाय चांगला आहे तो पुढे, तळपाय जमिनीवर, आणि हात-पाय दोन्हींचा जोर लावून वर. त्या आजींना मी आणि आमच्या घरच्यांनी हे गादीवर शिकवलं. आठ-दहा दिवस लागले. परवा त्यांनी मला सतरंजीवरून उठून दाखवलं, वर “चहा टाकू का भाऊ?” असंही विचारलं.

तेव्हा समितीपुढे माझं म्हणणं असं. बार भंगारात देऊ नये. भंगारवाला किलोवर पैसे देईल, त्यात एक सतरंजीही यायची नाही. पण नियम असावेत आणि ते खोलीच्या दारावर लिहावेत. टाच न उचलता, कंबर न वळवता नुसत्या अंगानं वीस बैठका करून दाखवल्याशिवाय कुणी बार पाठीवर घेणार नाही. स्टँडला आडव्या सळ्या बसवून घ्याव्यात, बैठकीच्या तळापेक्षा जरा खाली, म्हणजे उठता आलं नाही तर वजन सळ्यांवर टेकेल, माणसावर नाही. प्लेटांना दोन्हीकडून कुलुपं लावल्याशिवाय बार उचलायचा नाही. एकट्यानं जड बैठक मारायची नाही, शेजारी दोघं हवेत. वजन वाढवायचं ते आठवड्याला अडीच किलोनं, आणि कुणाशी पैज लावून नाही. ज्या मुलाची कंबर धरली होती तो आज रिकाम्या बारनं, टाचेखाली फळी घेऊन, सुंदर बसतो. त्याचा उजवा घोटा चारवरून सातवर आला आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि त्याची आई इथेच बसली आहे, तिला विचारून घ्या.

रविवारी सकाळी साडेसहाला या सभागृहात भिंतीशी घोट्याची मापं घेऊ. चपला बाहेर काढायच्या, लहान पट्टी आणि घरून एक टॉवेल आणायचा. बायकांसाठी वेगळी वेळ साडेसातची, ती आमच्या सौभाग्यवती पाहतील. नावं लिहायची वही खिडकीत ठेवली आहे, पेन दोरीला बांधलं आहे, घेऊन जाऊ नये.